अहिराणी, लेवा, पावरी: टूलच्या यादीत नसलेली भाषा सॉफ्टवेअरमध्ये कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा. शेतमालाच्या भावाचं एक मोबाइल अ‍ॅप आहे, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी. इंग्रजी आणि मराठी आधीच आहे. आता अहिराणी, लेवा बोली आणि शहादा-धडगाव पट्ट्यासाठी पावरी जोडायची आहे. भाषांतराच्या टूलमधल्या यादीत मराठी सापडते, बाकीच्या सापडत नाहीत. खाली 'कस्टम भाषा जोडा' असं बटण आहे. ते दाबावं का, आणि कोड (मशीनला भाषा ओळखता यावी म्हणून दिलेली छोटी खूण) काय द्यावा?

दाबायला हरकत नाही, पण कोडाचं नंतर. आधी एका कागदावर लिहून काढा की या भाषेतली एखादी ओळ रिकामी राहिली तर वाचणाऱ्याला तिथे काय दिसायला हवं. मराठी, हिंदी की इंग्रजी? कस्टम भाषांची बहुतेक दुखणी हे न ठरवता कोड देऊन मोकळं झाल्यामुळे सुरू होतात. कारण कोड म्हणजे नुसतं नाव नाही. ओळ सापडली नाही की पुढे कोणाच्या दारात जायचं, हे मशीन त्या कोडावरूनच ठरवतं.

(कोड इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिले आहेत. फाइलीत ते रोमन अक्षरांतच जातात.)

टूल तुम्हाला दोन पेट्या दाखवतं, स्टँडर्ड आणि कस्टम. प्रत्यक्षात पेट्या तीन आहेत. पहिलीत मराठीसारख्या भाषा: 'एमआर' हा कोड आहे, आणि त्या कोडामागे युनिकोडच्या सीएलडीआर या साठ्यात महिन्यांची नावं, अंक, अनेकवचनाचा नियम, अकारविल्हे लावण्याचा क्रम असं सगळं भरलेलं आहे. बहुतेक फोन, ब्राउझर, डेटाबेस तोच साठा वापरतात. दुसऱ्या पेटीत अशा भाषा, ज्यांना अधिकृत कोड आहे पण कोडामागचं गोदाम रिकामं आहे. अहिराणी इथली. आयएसओ ६३९-३ या भाषा-कोडांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचा कोड 'एएचआर' आहे, आणि 'खान्देशी' या नावाची वेगळी नोंद 'केएचएन' अशी आहे. पावरी तिथे पौरी बारेली या नावाखाली 'बीएफबी' म्हणून सापडते, मावची 'एमकेई', वसावी 'व्हीएएस'. तिसऱ्या पेटीत ज्यांना कोडच नाही त्या: लेवा, तावडी, शहाद्याकडची गुजर बोली.

म्हणून तुमच्या तिघींपैकी फक्त लेवा खऱ्या अर्थानं कस्टम आहे. अहिराणी आणि पावरीला नवा कोड शोधून काढायची गरज नाही. टूलच्या यादीत नाव नाही याचा अर्थ जगात कोड नाही असा होत नाही. टूलवाल्यांनी यादी छोटी ठेवलेली असते, एवढंच. कस्टम भाषेच्या फॉर्ममध्येच 'एएचआर' हा अधिकृत कोड भरा. उद्या कोणी अहिराणीचा शब्दसंग्रह, कीबोर्ड किंवा आवाज तयार केला, तर तो याच कोडानं येईल आणि तुमच्या फाइलींशी जुळेल. स्वतःचा कोड घातला असेल तर त्या दिवशी सगळं पुन्हा नावं बदलत बसावं लागेल.

अंदाजानं कोड टाकण्याचे काही ठरलेले खड्डे आहेत. महाराष्ट्र म्हणून 'एमआर-एमएच' असं लिहिलेलं कितीतरी ठिकाणी दिसतं. डॅशनंतर देश येतो, राज्य नाही, आणि 'एमएच' हा देश म्हणजे मार्शल बेटं. 'एमआर-एमआर' लिहिलं तर ती मॉरिटानियातली मराठी होते. बरोबर रूप 'एमआर-आयएन'. तीन अक्षरी 'एमएआर' वापरू नका. दोन अक्षरी कोड असेल तिथे तोच वापरायचा असा नियम आहे. शहाद्याच्या गुजर बोलीला यादीतली 'गुजरी', म्हणजे 'जीजेयू', चिकटवू नका. ती जम्मू-काश्मीरकडची गोजरी आहे. भिलीचा कोड 'बीएचबी', आणि 'बीएचओ' म्हणजे भोजपुरी. शेवटच्या एका अक्षरानं अक्कलकुव्याचा माणूस थेट बिहारात पोचतो.

अहिराणी ही भाषा की मराठीची बोली, हा वाद इथे आणू नका. २०११च्या जनगणनेत खान्देशी वेगळी भाषा म्हणून मोजलेली आहे, बोलणारे सुमारे १८.६ लाख. सॉफ्टवेअरला या वादाशी काही घेणं नाही. त्याला एवढंच हवं असतं की रिकाम्या जागी कोणती लिपी आणि कोणते शब्द वाचणाऱ्याला खपतील. अमळनेरच्या माणसाला तिथे मराठी चालते, इंग्रजी चालत नाही. म्हणून तांत्रिक पालक, म्हणजे रिकाम्या जागी येणारी भाषा, मराठी. तो भाषेच्या दर्जाचा निवाडा नव्हे, आणि बैठकीत हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

लेव्याचा कोड बनवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, मराठीच्या शेपटाला खासगी तुकडा लावायचा: 'एमआर-एक्स-लेवा'. बीसीपी ४७ या भाषा-टॅगच्या (तुकड्यांनी बनलेल्या पूर्ण कोडाच्या) नियमात 'एक्स'नंतरचं सगळं खासगी, म्हणजे तुमचं तुम्ही ठरवा, फक्त प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त आठ रोमन अक्षरांचा. 'लेवा' चार अक्षरं, 'तावडी' पाच, 'अहिराणी' सात. 'खान्देश' बरोबर आठ, पण 'खान्देशी' लिहिलं की नऊ, आणि टॅग अवैध. काही लायब्ररी (प्रोग्रामचे तयार भाग) अशा टॅगवर एरर देतात, काही तो मुकाट्यानं टाकून देतात. दुसरी तऱ्हा जास्त छळते, कारण अ‍ॅप चालू राहतं आणि भाषा मात्र लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे खासगी वापरासाठी राखून ठेवलेले तीन अक्षरी कोड, 'क्यूएए'पासून 'क्यूटीझेड'पर्यंत. ते ५२० आहेत, कोणीही घ्यावेत. अडचण अशी की या कोडाला आईबाप नसतात. 'एमआर-एक्स-लेवा' समजला नाही तर जाणकार सॉफ्टवेअर उजवीकडून एकेक तुकडा गाळत 'एमआर'पर्यंत येतं आणि मराठी लावतं. लेव्याला यातला 'क्यूएलव्ही' दिला आणि तो समजला नाही तर गाळायला काही उरतच नाही. म्हणून जिथे पालक भाषा आहे तिथे पहिला मार्ग, आणि जिथे कुठलाच पालक लावता येत नाही तिथे दुसरा. लेव्याला पहिला. अपवाद अँड्रॉइडचा, तो पुढे येतो.

टॅगमध्ये अंकांची निवडही घालता येते, आणि तिथे क्रम चुकतो. सीएलडीआरमध्ये मराठीचे मूळ अंक नागरी आहेत. हिंदीचे मात्र रोमन वळणाचे, म्हणजे 1, 2, 3 असे. त्यामुळे मराठीत भाव ६,७५० असा दिसतो, आणि तोच आकडा शेतकऱ्यानं कीपॅडवरून टाकलेला असतो रोमन अंकांत. दाखवलेली रक्कम तशीच उचलून पुन्हा वाचायला दिली की साधं पार्सर (मजकुरातून आकडा वाचणारा प्रोग्राम) 'हा आकडा नाही' म्हणतं. रोमन अंकच हवे असतील तर टॅगला 'यू-एनयू-लॅटन' हा विस्तार जोडतात. तो 'एक्स'च्या आधी यायला हवा: 'एमआर-यू-एनयू-लॅटन-एक्स-लेवा'. मागे लावला तर 'एक्स' तोही खासगी म्हणून गिळतो, अंक नागरीच राहतात आणि एरर कुठेच येत नाही.

आता मुख्य गोष्ट, घसरणीचा क्रम. इंग्रजीत शिकलेले लोक त्याला फॉलबॅक म्हणतात. तुमच्यासाठी तो असा ठरेल:

अहिराणी → मराठी → इंग्रजी
लेवा → मराठी → इंग्रजी
पावरी → मराठी → इंग्रजी

लिहायला सोपं आहे. पण 'एएचआर' आणि 'एमआर' यांचं नातं मशीनला ठाऊक नसतं. 'एएचआर-आयएन'मधून 'आयएन' गळलं की 'एएचआर' उरतो, तो नाही मिळाला की सरळ डिफॉल्ट. वाटेत मराठी लागतच नाही. लेव्याला मराठी आपोआप मिळते, अहिराणीला मिळत नाही. एकाच अ‍ॅपमध्ये लेव्याचा पडदा लेवा-मराठी आणि अहिराणीचा पडदा अहिराणी-इंग्रजी खिचडी दिसू लागला, की कारण बहुधा हेच.

हा क्रम प्रत्येक ठिकाणी वेगळ्या पद्धतीनं सांगावा लागतो. वेबवरच्या बहुतेक भाषांतर लायब्रऱ्यांमध्ये फॉलबॅक भाषेवार देता येतो; तिथे अहिराणीसमोर मराठी आणि इंग्रजी या क्रमानं लिहा. तारीख आणि आकड्यांसाठी ब्राउझरच्या इंटल सुविधेला एकटा 'एएचआर' देऊ नका. न समजणारा कोड मिळाला की ती चालू यंत्राची डिफॉल्ट भाषा घेते; सर्व्हरवर ती बहुधा अमेरिकन इंग्रजी असते, त्यामुळे अहिराणी पडद्यावर तारीख 'जुलै'ऐवजी इंग्रजीत येते. तिला यादी द्या: आधी 'एएचआर', मग 'एमआर-आयएन'. गेटटेक्स्ट ही भाषांतराची यंत्रणा वापरणाऱ्या जुन्या लिनक्स प्रोग्रामात 'लँग'मध्ये 'एमआर_आयएन' हे यंत्रावर खरोखर असलेलं लोकॅल (भाषा आणि देशाची सेटिंग) ठेवा आणि 'लँग्वेज' या व्हेरिएबलमध्ये कोलननं (:) तोडून 'एएचआर:एमआर' असा क्रम. ही घसरण प्रत्येक ओळीपुरती वेगळी होते, म्हणजे जी ओळ अहिराणीत नाही तेवढीच मराठीत येते. 'लँग'मध्ये नुसतं 'सी' असेल तर मात्र 'लँग्वेज'कडे ढुंकूनही पाहिलं जात नाही.

अँड्रॉइडवर जरा थांबावं लागेल. तिथे स्ट्रिंग (पडद्यावरच्या मजकुराच्या ओळी) फोल्डरच्या नावावरून शोधल्या जातात. 'व्हॅल्यूज-बी+एएचआर' असं फोल्डर चालतं. बी-अधिक पद्धत अँड्रॉइड ५ पासून आहे. पण 'एक्स'वाला खासगी तुकडा फोल्डरच्या नावात चालत नाही, बिल्डच (फाइलींतून अ‍ॅप तयार करणं) होत नाही. म्हणून लेव्यासाठी फक्त अँड्रॉइडपुरता 'क्यूएलव्ही' वापरायचा. टूलमध्ये आणि डेटाबेसमध्ये खरं नाव 'एमआर-एक्स-लेवा'च राहू द्या आणि बिल्ड करताना जोड्यांच्या एका फाइलीवरून नाव बदलून घ्या: हा टॅग, हे फोल्डर. क्राउडिनसारख्या टूलमध्ये कस्टम भाषेच्या फॉर्मवर अँड्रॉइडचा कोड वेगळा भरायला जागा असते, शिवाय 'कोणत्या भाषेची बोली' असाही रकाना असतो. तिथे मराठी निवडा.

अँड्रॉइडची दुसरी खोड: अहिराणी फोल्डरमध्ये न सापडलेली स्ट्रिंग थेट डिफॉल्ट फोल्डरमधून येते, मराठीत डोकावत नाही. डिफॉल्ट इंग्रजी असेल तर खिचडी ठरलेलीच. उपाय म्हणजे घसरण अ‍ॅप चालताना न करता बिल्डच्या वेळीच करून टाकायची. एक छोटी स्क्रिप्ट मराठीची पूर्ण फाइल घेते, तिच्यावर अहिराणीच्या ओळी ठेवते आणि भरलेली फाइल अ‍ॅपमध्ये घालते. अट एकच: ही भरलेली फाइल भाषांतराच्या टूलमध्ये परत कधीही जाऊ द्यायची नाही. गेली की हजारभर मराठी ओळी 'अहिराणी, मंजूर' म्हणून ट्रान्सलेशन मेमरीत (टूलमधल्या जुन्या भाषांतरांच्या साठ्यात) बसतात आणि पुढच्या प्रत्येक कामात शंभर टक्के जुळणी म्हणून समोर येतात. तो मळ काढणं नवीन भाषांतर करण्यापेक्षा जिकिरीचं. भाषांतरकारांच्या फाइली आणि बिल्डच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि बिल्डचं फोल्डर गिटमध्ये घेऊच नका. याच कारणासाठी टूलमधलं 'मेमरीतून आपोआप भरा' हे बोलींसाठी बंद ठेवा. पालक भाषेच्या सूचना बाजूला दिसल्या तर हरकत नाही, आपोआप भरल्या जाऊ नयेत.

यातून एक बारीक पण महत्त्वाचा प्रश्न निघतो. रिकामी ओळ दोन कारणांनी रिकामी असते: कोणी हात लावला नाही, किंवा अहिराणीत आणि मराठीत तेच म्हणतात. 'मोबाइल नंबर टाका' अहिराणीतही 'मोबाइल नंबर टाका'च आहे. 'भाव पाहा'चं 'भाव देखा' होतं. पहिली ओळ मुद्दाम रिकामी ठेवायची असेल तर तशी खूण हवी, नाहीतर प्रगतीचा आकडा कधीच पूर्ण होत नाही आणि भाषांतरकार उगाच वेगळा शब्द घडवायला लागतात. नुसतं वेगळं दिसावं म्हणून केलेली अहिराणी बोलणाऱ्याला लगेच कळते. टूलमध्ये 'सारखंच' असं लेबल करा, ते लावलेली ओळ तपासलेली समजा. 'मूळ आणि भाषांतर सारखं आहे' ही टूलची धोक्याची सूचना बोलींसाठी बंद करा. मराठीची ओळ बदलली की ते लेबल मात्र आपोआप उतरायला हवं, कारण नवी ओळ सारखीच असेल याची हमी नाही.

अनेकवचन. मराठीचा सीएलडीआरमधला नियम सोपा: बरोबर १ असेल तर एकवचनी रूप, बाकी सगळ्याला, शून्यालासुद्धा, दुसरं. हिंदीत शून्य एकवचनाच्या पेटीत जातं, म्हणून हिंदीचा नियम उसना घेऊ नका. अहिराणीला नियमच नोंदलेला नाही. अशा कोडाला अँड्रॉइड एकच पेटी देतं, 'इतर'. तुम्ही दोन्ही रूपं लिहिली तरी एकवचनाचं कधी वापरलं जात नाही. जवळून पाहा:

मराठी, १: '१ गाडी आली'
मराठी, इतर: '५ गाड्या आल्या'
अहिराणी, १: '१ गाडी उनी'
अहिराणी, इतर: '५ गाड्या उन्यात'

नियम नसेल तर पडद्यावर '१ गाड्या उन्यात' येतं. इथे नामाबरोबर क्रियापदही बदलतं, म्हणून फक्त 'गाडी/गाड्या' एवढा तुकडा वेगळा काढून चालणार नाही. पूर्ण वाक्य दोनदा लिहावं लागतं. टूलमध्ये आणि वेबवर नियम स्वतः भरता येतो: रूपं दोन, संख्या १ नसेल तर दुसरं. अँड्रॉइडवर तो भरता येत नाही, तिथे वाक्यच बदला: 'गाड्या: ५'. रुक्ष वाटतं, पण चुकत नाही, आणि बाजार समितीच्या फळ्यावर असंच तर लिहितात. शून्यासाठी वेगळी स्ट्रिंग ठेवली तर उत्तम: 'आज गाडी उनी नही'.

विभक्तीचा घोळ याच कुळातला. प्रोग्रामर लिहितो: गावाचं नाव, त्याला चिकटून 'मध्ये'. रावेरला चालून जातं, धुळ्याला 'धुळेमध्ये' होतं, जे कोणी बोलत नाही. अहिराणीत सप्तमीचा प्रत्यय 'मा': घरमा, वावरमा. पण धुळ्याचं 'धुयामा' होतं, म्हणजे तिथेही नाव आधी वाकतं आणि मग प्रत्यय लागतो. बदलत्या नावाला प्रत्यय जोडणारी एकही स्ट्रिंग ठेवू नका. 'बाजार: धुळे' असं लिहा. खरोखर वाक्य हवंच असेल तर गावांच्या तक्त्यात प्रत्येक भाषेसाठी वाकलेल्या रूपाचा वेगळा रकाना करा. तीन जिल्ह्यांच्या बाजार समित्यांपुरतं ते एका दुपारचं काम आहे.

यावरून एक सल्ला. भाषा या एकाच सेटिंगवर सगळं टांगू नका. शब्दांची भाषा एक, तारीख-आकड्यांचं लोकॅल दुसरं. शब्दांना 'एएचआर', पण आकडे, तारखा आणि गावांची अकारविल्हे यादी यांना कायम 'एमआर-आयएन'. एका ओळीचा फरक आहे आणि गोदाम रिकामं असल्याचे निम्मे त्रास तिथेच संपतात. लाखाचा स्वल्पविरामही मग जागेवर राहतो, १२,३४,५६७ असा.

मापं तर भाषेत अजिबात घालू नका. खंडी म्हटलं की जिनिंगवाला ३५६ किलो रुई समजतो, गाठ म्हटलं की १७० किलो; धान्याची खंडी निराळी. मण आपल्याकडे ४० किलोचा धरतात, गुजरातेत २० किलोचा, आणि नवापूरच्या शेतकऱ्याचा माल दोन्हीकडे जातो. माप बाजाराच्या नोंदीशी बांधा, भाषा बदलली म्हणून ते बदलता कामा नये.

पहिली ओळ लिहिण्यापूर्वी लेखनाचं एक पान ठरवा, नाहीतर दोन भाषांतरकार दोन अहिराण्या लिहितील. ठरवायच्या गोष्टी फार नाहीत: 'शे' की 'से', 'उना' की 'वना', 'ण' लिहायचा की बोलतात तसा 'न', आणि 'ळ'चं काय. अहिराणीत शाळा 'शाया' होते, डोळा 'डोया', फळ 'फय'. लेव्यातही 'ळ'चा 'य' ऐकू येतो. शब्द बोलीप्रमाणे लिहा, पण गावांची नावं सातबाऱ्यावर असतात तशीच ठेवा, म्हणजे पडद्यावर 'धुळे'च. शोधाच्या चौकटीत मात्र 'धुये' टाकलं तरी धुळे सापडायला हवं. त्यासाठी फक्त शोधापुरत्या आतून साठवलेल्या रूपात ळ, य आणि ल एकच माना, ण आणि न एकच. तपासणारे दोघं असावेत आणि एकाच तालुक्याचे नसावेत. एक अमळनेर-पारोळ्याकडचा, एक साक्री किंवा बागलाणकडचा. दोघांना जी ओळ खटकत नाही ती ठेवा. खटकली तर पान उघडा. स्पेलचेकर बंदच ठेवा, मराठीचा शब्दकोश अहिराणीचं अख्खं पान लाल करतो आणि मग खरी चूकही त्या लाल रंगात बुडते.

अक्षरांच्या वळणाकडेही एकदा डोळे बारीक करून पाहा. चांगल्या नागरी फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी आणि हिंदी अशी दोन वळणं असतात आणि कोणतं दाखवायचं ते पानावरच्या भाषेच्या टॅगवरून ठरतं. 'एमआर-एक्स-लेवा' लावला की सुरुवातीच्या 'एमआर'मुळे मराठी वळण मिळतं. 'एएचआर'ला ते मिळेलच असं नाही, म्हणून तोच फॉन्ट दोन्ही टॅगखाली लावून शेजारी शेजारी बघा. फरक दिसला तर मराठी वळण मुळातच असलेला फॉन्ट घ्या. अहिराणीत 'पोऱ्या' हा शब्द पावलोपावली येतो, आणि त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा साध्या र आणि हलन्तानंतर अदृश्य जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखे, शोधाला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन हे दोन एक करत नाही. साठवण्यापूर्वी स्वतःच एका रूपात बदलून घ्यावं लागतं. 'अ‍ॅ'चंही तसंच.

भाषा निवडायचा पडदा छोटा असला तरी तिथे दोन चुका हमखास होतात. यादीतलं नाव यंत्राकडून मागितलं तर अहिराणीच्या जागी नुसता कोड छापला जातो. नावं स्वतः लिहून द्या, त्या त्या भाषेत. आणि पिनकोड किंवा जीपीएसवरून भाषा लादू नका. जळगाव जिल्ह्यातच चाळीसगाव, पारोळा, अमळनेरकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा; एका घरात सासूची आणि सुनेची वेगळी निघते. बहुतेक फोनच्या भाषेच्या यादीतही यातलं काही नसतं. त्यामुळे अ‍ॅपमध्येच विचारा, खात्यात साठवा आणि पहिल्या पडद्यावरून दोन टिचक्यांत बदलता येऊ द्या.

सगळं अ‍ॅप भाषांतरित करायला घेऊ नका. पहिल्या फेरीत दीड-दोनशे ओळी पुरे: भाव, आवक, हवामानाची सूचना, चूक झाल्यावर दिसणारे संदेश. अटी-शर्ती, पैसे देण्याची संमती, बँकेचा मजकूर मराठीतच राहू द्या. तिथे बोलीतला एखादा शब्द दोन अर्थांनी वाचला गेला तर निस्तरणार कोण? पावरीच्या बाबतीत तर लेखी भाषांतर दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. धडगाव-अक्कलकुव्याकडची शाळा शिकलेली मुलं मराठी वाचतात, आणि वाचता न येणाऱ्यांना पावरी अक्षरांचाही उपयोग नाही. चाळीसएक सूचना एखाद्या पावरी बोलणाऱ्याच्या आवाजात रेकॉर्ड करा, त्यांना 'बीएफबी' हाच टॅग लावा आणि पडद्यावर मराठी ठेवा. आवाज नसलेल्या ओळीसाठी फोनच्या यांत्रिक आवाजावर जायचं असेल तर त्याला मराठीचा टॅग स्पष्ट द्या, नाहीतर काही फोन नागरी मजकूर इंग्रजी आवाजाकडे सोपवतात आणि तो एकतर गप्प बसतो किंवा भलतंच बोलतो.

चाचणीसाठी खऱ्या बोलीची वाट पाहू नका. अँड्रॉइडमध्ये 'इएन-एक्सए' नावाची खोटी भाषा तयार मिळते; ती प्रत्येक इंग्रजी ओळ लांबवून, चित्रविचित्र चिन्हं लावून दाखवते. तिच्यात जी ओळ साधी इंग्रजी राहिली ती प्रोग्रामच्या कोडात थेट लिहिलेली आहे, फाइलीत आलेलीच नाही. हे काम अहिराणी सुरू करण्यापूर्वी उरका. त्याच धर्तीवर नागरीतली एक खोटी भाषा 'क्यूएए' म्हणून करून ठेवा, प्रत्येक ओळीच्या आधी-नंतर दंड (।) घातलेली. दंड कापला गेलेला दिसला की चौकट अरुंद आहे, आणि वेलांटी-उकार वरखाली छाटले जातात का तेही कळतं.

आणि आधीच चुकीचा कोड देऊन बसला असाल, समजा अहिराणी 'एमआर-एमएच' नावानं चालू आहे, तर टूलमध्ये तिचं नाव बदलू नका. नाव बदललं तरी मेमरी, फाइलींचे मार्ग आणि भाषांतरकारांच्या परवानग्या जुन्या कोडालाच बांधलेल्या राहतात. नवी भाषा बरोबर कोडानं जोडा, जुनीची फाइल उतरवून त्यातल्या भाषेचा टॅग बदला, मराठीशी तंतोतंत जुळणाऱ्या ओळी गाळा आणि उरलेल्या नवीत चढवा. मेमरीही तशीच टीएमएक्स (मेमरी नेण्या-आणण्याच्या) फाइलीतून न्या. अ‍ॅपमध्ये जुन्या-नव्या कोडांचा एक तक्ता ठेवा: खात्यात 'एमआर-एमएच' सापडला की 'एएचआर' समजायचं. पुढे एखादी बोली बंद केली तरी तिचा कोड याच तक्त्यात मराठीकडे वळवा. जुनी भाषा टूलमधून लगेच पुसू नका. सगळ्यात जुनी अ‍ॅपची आवृत्ती फोनवरून जाईपर्यंत ती फक्त वाचण्यापुरती ठेवा, कारण ती आवृत्ती अजून जुन्याच नावानं फाइल मागत असते.